डांबराखालची रेघ

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे डांबऱ्या म्हणतात. तोंडावर नाही म्हणत. तोंडावर ‘पत्रेवाले’ आणि पाठ वळली की डांबऱ्या. मला त्याचा राग येत नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा ज्याच्या नखांतलं डांबर स्पष्ट दिसतं, त्याला लोकांनी दुसरं काय म्हणावं?

ह्यांचा धंदा छपरांचा. गॅरेज, गोदामं, शेड, जिथे सिमेंटचा नाहीतर लोखंडी पत्रा आहे तिथे हे. गळतं ते बंद करायचं, फुटलं ते बदलायचं. आणि माझा धंदा शिडी धरण्याचा. कुणाला हसू येत असेल तर येऊ दे, पण बावीस वर्षं मी ह्यांची शिडी धरली आहे. शिडी धरणाऱ्याला वरचा माणूस पावलांवरून कळतो. आज मन कामात आहे की नाही, सकाळचं जेवण पोटात नीट बसलंय की नाही, सगळं मला खालून समजतं. मला वाटायचं, ह्या माणसाचं मला माहीत नाही असं आता काही उरलेलंच नाही. एवढी मी हुशार.

माझ्या आधी ही जोडी दोघा भावांची होती. थोरले, म्हणजे माझे मोठे दीर, गावभर ‘मांजर’ म्हणून ओळखले जायचे. छपरावर ते चालताना खाली झोपलेल्या माणसाची कूससुद्धा बदलत नसे. त्यांनीच ह्यांना काम शिकवलं. त्यांचा नियम एकच होता आणि तो ते जेवताना, दाढी करताना, पाहुण्यांसमोर, कुठेही सांगत बसायचे. सिमेंटचा पत्रा म्हणजे बिस्कीट. त्याच्याखाली आडवे लोखंडी पाइप असतात, त्यांनाच तो बोल्टांनी अडकवलेला असतो. पाऊल पडायचं ते त्या पाइपावर, बोल्टांच्या ओळीवर. ओळ सोडली की संपलं.

गळती शोधायची त्यांची पद्धतही वेगळी होती. एक माणूस आत बसायचा. भर उन्हात दार-खिडक्या लावून घ्यायच्या आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत गप्प राहायचं. मग वर एकेक भोक चमकायला लागतं आणि जमिनीवर त्याचा कवडसा पडतो. आतल्या माणसाने शिडीवर उभं राहून त्या भोकातून खराट्याची काडी वर सारायची. वरच्याला काडी दिसली की तो तिथे खूण करायचा आणि काडी वर ओढून घ्यायचा. काडी गेली म्हणजे वरच्याला भोक मिळालं, हा इशारा. आणि ज्या पत्र्याला भोकच नाही, बोल्टही दिसत नाहीत, तिथे आतल्याने लांब सळईने पाइपावर ठोका मारायचा. वरच्याच्या तळव्याला तो जाणवतो. ठोका लागेल तिथे पाऊल टाकायचं. वेळ फार जायचा, पण थोरल्यांच्या हाताखाली कधी कुणाला खरचटलंही नाही.

ते गेले ते दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या गॅरेजवरून. मी तेव्हा वर्षभराची नवी सून. त्या छपरावर आधी कुणीतरी डांबराचा जाड थर दिला होता, बोल्ट पार बुजून गेले होते. दोघांनी गाडी बाहेर काढून ठेवली, घाण पडायला नको म्हणून. गाडी आत असती तर टपावर पडून हातपाय मोडण्यावर भागलं असतं. थोरले वर चढले, तीन पावलं चालले आणि पत्रा फोडून थेट फरशीवर आले.

लोक भेटायला येत आणि सगळे एकच बोलत. अशा माणसाचं पाऊल ओळ सोडून पडतंच कसं? डोक्यात काहीतरी असणार. मनात काहीतरी असणार. कुणी याहून जास्त बोललं नाही, पण बोलायचं राहिलेलंही सगळ्यांना ऐकू जात होतं. सगळ्यात जास्त माझ्या जाऊबाईंना, ताईंना.

कारण त्या दिवशी सकाळी त्यांचं भांडण झालं होतं. भांडण कशावरून, तर शर्टाच्या बटणावरून. बटण तुटलं आहे म्हणून चार दिवस सांगतोय, असं थोरले म्हणाले. ताईंच्या हातात तेव्हा शंभर कामं. त्या म्हणाल्या, “जा एकदाचे तसेच. परत नाही आलात तरी चालेल.” मी तिथेच भाजी चिरत होते. असं बायका रोज बोलतात आणि रोज माणसं परत येतात.

त्यानंतर ताईंनी शिवणाचं मशीन घेतलं. गल्लीतल्या कुठल्याही पुरुषाचं बटण लोंबताना दिसलं की त्या त्याला जागेवर उभा करून बटण लावतात. पोस्टमनला लावलंय, मीटर बघायला आलेल्या माणसाला लावलंय. पर्समध्ये सुईदोरा कायम. लोकांना गंमत वाटते. मला नाही वाटत. बावीस वर्षं मी त्यांना सांगत आले की ताई, असं काही नसतं, बोलण्याने कुणी मरत नाही. त्या ‘हं’ म्हणतात आणि मशीनचं चाक फिरवतात.

आणि हे काय करायचे? हे दर वर्षी पावसाळ्याच्या आधी डॉक्टरीणबाईंच्या गॅरेजवर डांबर मारून यायचे. फुकट. बाई नको म्हणायच्या, हे ऐकायचे नाहीत. अपघातात फुटलेला पत्राही ह्यांनी चौथ्या दिवशी एकट्याने बदलला होता आणि त्याच दिवशी पहिलं डांबर मारलं होतं. त्यानंतर पायाखाली लाकडी फळी टाकल्याशिवाय हे कुठल्याच छपरावर चालले नाहीत. मला वाटायचं, भावावरची माया आहे, कुठून तरी वाट शोधते. मी शिडी धरायचे आणि डोळे पुसायचे.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते डांबर राहिलं. पुढच्या वर्षीही राहिलं. यंदा डॉक्टरीणबाईंचा फोन आला, की आता डांबर पुरे, सगळंच छप्पर काढा आणि नवीन रंगीत पत्रे टाका. हे म्हणाले, बघतो. मग म्हणाले, गुडघा दुखतोय. मग म्हणाले, पत्रे मिळत नाहीत. शेवटी बाई म्हणाल्या, तुम्हाला जमत नसेल तर मी दुसऱ्या कुणाला बोलावते. त्यावर हे जेवता जेवता उठले आणि त्यांनी लगेच फोन केला. दुसऱ्या कुणाला बोलावू नका, मी सोमवारी येतो.

सोमवारी आम्ही निघालो तर ताई चपला घालून दारात उभ्या.

“मी पण येते,” त्या म्हणाल्या. “तो पत्रा उतरणार असेल तर एकदा बघायचाय.”

“काय बघायचंय त्यात, वहिनी,” हे म्हणाले. “जुना पत्रा आहे. धूळ उडेल.”

“उडू दे.”

वाटेत हे माझ्या पुढे चालत होते. ह्यांच्या चालण्यात काहीतरी बिनसलेलं मला दिसत होतं. मी ते गुडघ्याच्या खाती टाकून मोकळी झाले.

गॅरेज घराच्या मागच्या बाजूला आहे. समोर तीन पायऱ्या आणि बाजूला नळ. ताई पायऱ्यांवर बसल्या. त्या बाईच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, नुसत्या त्या शटरकडे बघत होत्या. हे म्हणाले, “तू आत बस, काड्या लाव. पाइप कुठे आहेत ते आधी नीट कळू दे.” हे नेहमीचंच होतं. मी खराट्याच्या काड्यांची मूठ घेतली, आतली घडीची शिडी, म्हणजे घोडी, उघडली आणि शटर खाली ओढून घेतलं.

बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत गार होतं. त्या गॅरेजमध्ये मी अशी एकटी कधीच बसले नव्हते. आजवर डांबरामुळे तिथे एक कवडसा पडायचा नाही. आता हळूहळू डोळे सरावले तसे ते दिसायला लागले. बोल्ट गंजून भोकं मोठी झाली होती आणि डांबर सुकून तडकलं होतं. एका पाइपाच्या कडेने बारा कवडसे, अगदी ओळीत. मधला बदललेला पत्रा तेवढा काळाठिक्कर. त्याच्याखालच्या फरशीवर मी पाय ठेवला नाही, वळसा घालून गेले.

घोडीवर चढून मी पहिली काडी वर सारली. थोडा वेळ गेला आणि काडी माझ्या बोटांतून वर ओढली गेली. हळूच, एकदम सरळ. मला बरं वाटलं, हे वर पोचले म्हणायचे. दुसरी काडी लावली, तीही गेली. तिसरी गेली. तिसरं भोक त्या मधल्या पत्र्याच्या अगदी अलीकडे होतं. मग घोडी पलीकडे सरकवून मी चौथी काडी लावली.

ती नाही गेली. मी बोटं धरून उभी राहिले, हात भरून आला. पाचवी लावली, सहावी लावली, अशा नऊच्या नऊ लावल्या. एकही कुणी ओढली नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं की मघापासून वर पावलांचा आवाज नाही. ह्यांचं चालणं मला पाठ आहे. गुडघा दुखायला लागल्यापासून तर हे आपटत चालतात आणि सिमेंटचा पत्रा कट्‌ कट्‌ बोलतो. वर काहीच बोलत नव्हतं.

“अहो?” मी हाक मारली. घोडीवरून मी कशी उतरले ते मला सांगता येणार नाही. शटर वर ढकललं तर हे समोर नळावर बादली भरत होते.

“झालं का?” हे म्हणाले. “आलोच. शिडी लावतो आता.”

शिडी भिंतीकडेला आडवी पडलेली होती. तिच्यावरची सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती.

“तुम्ही वर नव्हतात?”

“शिडीशिवाय कसा जाणार?”

मी काड्यांचा हिशेब सांगितला. बारा नेल्या होत्या, नऊ छपरात उभ्या आहेत, हातात एकही नाही. पहिल्या तीन कुणीतरी वर ओढून घेतल्या. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बादली भरून वाहायला लागली तरी ह्यांना नळ बंद करायचं भान नव्हतं. मी म्हटलं, कावळा असेल, कावळ्यांना काड्या लागतात. म्हणताना माझाच आवाज मला परका वाटत होता.

ताई पायऱ्यांवरून उठल्या. त्यांनी नळ बंद केला.

“तीनच ना?” त्यांनी मला विचारलं.

“तीनच.”

“शिडी लावा, भाऊजी.”

ह्यांनी शिडी लावली खरी, पण चढेनात. हात शिडीवर आणि पाय जमिनीवर, असे उभे. ताईंनी त्यांना बाजूला केलं, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, “धर गं.” मी धरली. आयुष्यात कधी स्टुलावर न चढलेली बाई सात पायऱ्या चढली. ताईंचं डोकं छपराच्या वर गेलं आणि त्या थांबल्या.

“भाऊजी,” त्या वरूनच म्हणाल्या, “ही पांढरी रेघ कसली?”

हे खाली बसले. जमिनीवर, पाण्यात.

मी नंतर वर जाऊन माझ्या डोळ्यांनी पाहिलं. डांबर सुकून खपल्या निघाल्या होत्या आणि त्याखालून पांढऱ्या ऑइलपेंटची रुंद रेघ वर आली होती. ती छपराच्या कडेपासून निघते, मधल्या पत्र्यापाशी तुटते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. माझ्या नऊ काड्या उभ्या होत्या त्या पाइपाच्या ओळीत, आणि रेघ त्या ओळीपासून चांगली दीड हात अलीकडे. तीन काड्या त्या रेघेवर आडव्या पडलेल्या होत्या. एकेका पावलाच्या अंतराने, तिसरी मधल्या पत्र्याच्या काठाशी. कावळ्याने टाकल्या असतील, असं मी आजही स्वतःला सांगते.

ताईंनी संसारभर नवऱ्याच्या तोंडून पाइप आणि बोल्ट ऐकलेले. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. तरी ह्यांनी सांगितलं. मान खाली घालून, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता.

“डांबरामुळे बोल्ट दिसत नव्हते. दादा म्हणाला, ठोके घेऊ. मी म्हटलं, ठोक्यात अर्धा दिवस जाईल, मी मोजून रेघ मारतो. आत शटरच्या भिंतीपासून पाइप मोजला, साडेचार हात. वर येऊन पत्र्याच्या कडेपासून साडेचार हात मोजले आणि रेघ ओढली. पत्रा भिंतीच्या पुढे दीड हात आलेला असतो, वहिनी. तो धरायचा राहिला.”

“आणि ते मान्य झाले? मोजण्याला?”

“त्याला घाई होती.” ह्यांनी ओल्या हाताने कपाळ पुसलं. “म्हणाला, लवकर उरकू, घरी जाऊन बटण लावून घेतो. नाहीतर ती दिवसभर उपाशी बसेल.”

ताई शिडीवर तशाच होत्या. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाय दिसत होते. ते हलले नाहीत.

“म्हणजे ते रेघेवरच होते,” त्या म्हणाल्या.

“रेघेवरच होता. तसूभर इकडेतिकडे नव्हता.”

मला काय झालं ते लपवत नाही. मला दया आली नाही, मला राग आला, इतका की हातातली शिडी सोडून द्यावी आणि ह्या माणसाला घोळसून काढावं. बावीस वर्षं ह्याच बाईच्या हातची भाकरी खाल्ली, हिने शिवलेले शर्ट घातले, हिला रोज आतून खचताना बघितलं. दोन वाक्यांचं काम होतं. त्याऐवजी दर वर्षी डांबराचा डबा घेऊन निघाले, आणि मी मूर्ख डोळे पुसत शिडी धरून उभी.

ताई खाली उतरल्या. त्यांनी नळावर हात धुतले, तोंडावर पाणी मारलं. मग भिंतीला टेकवलेली लांब सळई उचलली.

“चढा,” त्या ह्यांना म्हणाल्या. “मी आतून ठोके देते.”

“वहिनी, फळी आहे. फळी टाकून—”

“तुमची मर्जी.”

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि शटर खाली आलं.

हे चढले. मी खालून पावलं बघत होते आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मला त्यातून काही कळलं नाही. वर जाऊन ह्यांनी सोबत नेलेल्या फळीला हात लावला, आणि ती परत ठेवून दिली. काड्यांची ओळ समोर होती, पण मधल्या पत्र्यावर ना काडी, ना भोक. तिथे फक्त ताई सांगतील तेच. मी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढून बघत राहिले.

टण.

ह्यांनी पाऊल टाकलं. टण. दुसरं. टण. तिसरं. मग हे मधल्या पत्र्याच्या काठाशी उभे राहिले आणि आतून काही आवाज येईना. ह्यांनी डोळे मिटून घेतलेले मला दिसले. किती वेळ गेला माहीत नाही. पलीकडच्या गल्लीत कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

टण.

ह्यांनी डोळे न उघडता पाऊल टाकलं. पत्रा करकरला आणि टिकला. पुढचे ठोके लागोपाठ आले. हे पलीकडच्या विटांच्या भिंतीवर पोचले, मटकन खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, “ताई, पोचले हो. उघडा शटर.”

शटर उघडलं नाही.

टण.

ठोका अगदी सुरुवातीचा होता, माझ्या बाजूचा. थोडं थांबून दुसरा. मग तिसरा. ह्यांनी तोंडावरचे हात काढले. छपरावर कुणी नव्हतं. पत्रा कुठे कट्‌ वाजला नाही. हे त्या रिकाम्या छपराकडे बघत होते, आणि मी ह्यांच्याकडे. ह्यांची नजर हळूहळू सरकत होती. प्रत्येक ठोक्याला एक पाऊल, माझ्या बाजूकडून ह्यांच्या बाजूकडे. मधल्या पत्र्यापाशी नजर थांबली, आणि आतला ठोकाही थांबला.

मग तो आला. चौथा, पाचवा, सहावा, घाई नसलेले. शेवटचा ठोका ह्यांच्या पायापाशी पडला आणि हे भिंतीवर थोडे बाजूला सरकले, शेजारी कुणाला जागा करून द्यावी तसे.

“पोचले,” आतून ताई म्हणाल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत त्या.

शटर वर झालं. ताई बाहेर आल्या, सळई होती तिथे टेकवून ठेवली आणि उन्हाला हात आडवा धरून वर बघितलं.

“या खाली, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “शर्टाचं बटण लोंबतंय.”

हे उतरले, मी शिडी धरली. ताईंनी पर्स उघडली आणि सुईत दोरा ओवायला घेतला. तो त्यांना तिसऱ्या वेळी ओवता आला.